“आपला”, “त्यांचा” आणि “इट्स”: इंग्रजी मेल लिहिताना मराठी कुठे आडवी येते

तुम्ही विचारलंत त्याचा गोषवारा असा. शिक्षण मराठी माध्यमात झालं, नोकरी एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे आणि रोज दहा-पंधरा इंग्रजी मेल लिहावे लागतात. माय-माइन, युअर-युअर्स, हर-हर्स हा तक्ता तोंडपाठ आहे, तरी वरिष्ठ तुमच्या मेलमधले शब्द खोडून परत पाठवतात. नमुन्याला तुम्ही तीन वाक्यं दिलीत: “सर इज नॉट इन देअर केबिन”, “अवर रेट इज हायर दॅन देम” आणि “प्लीज चेक द मशीन अँड इट'स मॅन्युअल”. हे कायमचं सुधारेल अशी एखादी युक्ती आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

गेली वीसेक वर्षं मी मराठी माध्यमातून आलेल्या इंजिनिअरांचे, हिशेब विभागातल्या लोकांचे, शासकीय कर्मचाऱ्यांचे इंग्रजी मसुदे तपासते आहे. तुमची पहिली दोन वाक्यं मी शेकडो वेळा पाहिली आहेत, आणि ती लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना तक्ता उत्तम येत होता. म्हणून तक्ता पुन्हा पाठ करू नका. ती वाक्यं मराठीत अगदी बरोबर आहेत, म्हणूनच तुमच्या हातून ती सहज उतरतात. तिसऱ्या वाक्यातली चूक मात्र मराठीमुळे झालेली नाही, ती खुद्द इंग्रज माणसंही करतात. त्यामुळे तिचा इलाज वेगळा आहे.

आधी एक खुलासा. इथे मी इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिते आहे, त्यामुळे अक्षरांच्या डोक्यावरचं ते स्वल्पविरामासारखं चिन्ह, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, दाखवावं लागेल. “इट'स” असं लिहिलं तर चिन्ह आहे, “इट्स” असं लिहिलं तर नाही, असं समजा.

तक्त्याचं एका परिच्छेदात उरकते. माय, युअर, हर, अवर, देअर यांच्यापुढे वस्तूचं नाव यावं लागतं: “माय फाइल”. माइन, युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स हे एकटे उभे राहतात: “धिस फाइल इज माइन”. हिज दोन्ही ठिकाणी तसाच राहतो. इट्स जवळजवळ कधीच एकटा येत नाही. मराठीत “ही माझी फाइल” आणि “ही फाइल माझी” या दोन्हींत एकच “माझी” चालते, म्हणून सुरुवातीला गोंधळ होतो. पण तो लवकर सुटतो आणि तुमचा सुटलेला आहे.

आता “देअर केबिन”. शाळेत षष्ठी विभक्ती शिकताना आपण चा-ची-चे घोकलं. त्या शेपटीकडे नीट पाहिलं तर ती वस्तूप्रमाणे बदलते: त्याचा डबा, त्याची वही, त्याचं दप्तर. मालक कोण हे शेपटीच्या आधीच्या भागात असतं: त्याचा, तिचा, त्यांचा. इंग्रजीत शेपूट नाहीच, वस्तू कोणतीही असो. “हिज” म्हटलं की फक्त मालकाबद्दल बोलणं झालं. तो एक आहे आणि पुरुष आहे, एवढंच. आणि इथे आपला आदर मध्ये येतो. साहेब एकच, पण आपण त्यांना “ते” म्हणतो, म्हणून केबिन “त्यांची”. मनातल्या मनात “त्यांची”चं “देअर” होतं. इंग्रजीत तिसऱ्या माणसासाठी असं आदरार्थी बहुवचन नाही. सरन्यायाधीश असोत, वडील असोत, नव्वदीतले आजोबा असोत, सर्वनाम “हिज”च.

मेलमध्ये याने खरोखर घोळ होतो. “माय फादर इज अॅडमिटेड, देअर ऑपरेशन इज ऑन मंडे” असं वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की वडील दाखल आहेत, मग सोमवारी ऑपरेशन आणखी कोणाचं? माझ्याकडे शिकायला येणाऱ्या अनेकांना साहेबांसाठी “हिज” लिहिताना हात आखडल्यासारखं होतं, जणू आपण त्यांना अरे-तुरे करतो आहोत. ही भावना मला खोटी वाटत नाही. पण इंग्रजीत आदराची जागा निराळी आहे. नावाआधीचं मिस्टर, मिस किंवा डॉक्टर, विनंतीतलं “कुड यू”, वाक्याचा सूर. सर्वनाम तो भार उचलत नाही. तेव्हा: “सर इज नॉट इन हिज केबिन.”

याच्याच उलट बाजूला एक “देअर” आहे, जो एकाच माणसासाठी असूनही बरोबर आहे. तुमच्या कंपनीच्या परिपत्रकात “एव्हरी एम्प्लॉयी मस्ट सबमिट देअर फॉर्म” असं असेल तर ते चुकलेलं नाही. कर्मचारी पुरुष की बाई हे माहीत नाही, किंवा दोन्ही असू शकतात, तेव्हा इंग्रज माणूस चौदाव्या शतकापासून हे करत आला आहे. मधल्या काळातल्या व्याकरणकारांनी तिथे “हिज” लिहायचा आग्रह धरला. कायद्यातही तीच रीत आली: आपल्याकडचा 1897 चा जनरल क्लॉजेस अॅक्ट सांगतो की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरायच्या. आता वारं पुन्हा फिरलं आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखननियमांनी 2019 साली एकवचनी “दे-देअर”ला संशोधन निबंधांतही रीतसर जागा दिली. शिवाय काही व्यक्ती स्वतःसाठी हेच सर्वनाम वापरावं असं सांगतात. तसं सांगितलं असेल तर तेच लिहावं. म्हणजे फरक असा: माणूस कोण हे ठाऊक नसेल तर “देअर”, समोरच्या केबिनमधले, सगळ्यांना पुरुष म्हणून माहीत असलेले साहेब असतील तर “हिज”. आणि “देअर” लिहायला मन तयार होत नसेल तर “ऑल एम्प्लॉयीज मस्ट सबमिट देअर फॉर्म्स” असं अनेकवचन करून टाका, वादच उरत नाही.

जाता जाता, निर्जीव वस्तूंचं. मराठीत पंखा तो, बस ती, मशीन ते. त्यामुळे “द पंप इज ओल्ड, हिज प्रेशर इज लो” असं वाक्य कारखान्याच्या अहवालात मला अजून भेटतं. तिथे सरळ “इट्स”. जहाजांना “शी-हर” म्हणायची जुनी पद्धत होती, पण जहाजव्यवसायाचं नामांकित वृत्तपत्र असलेल्या लॉइड्स लिस्टनेही 2002 मध्ये ती सोडली. घरातल्या कुत्र्या-मांजराला मात्र मालक “हिज” किंवा “हर” म्हणतात आणि तसंच म्हणावं.

तुमचं दुसरं वाक्य मला तिन्हींत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ही चूक सहजी कोणी दाखवूनही देत नाही. मराठीत आपण म्हणतो, “माझा पगार त्याच्यापेक्षा कमी आहे.” तुलना खरं तर माझ्या पगाराची आणि त्याच्या पगाराची आहे, पण मराठीला “त्याच्यापेक्षा” पुरतं. “त्याच्या पगारापेक्षा” असं कोणी लांबण लावत नाही. तेच इंग्रजीत नेलं की “माय सॅलरी इज लेस दॅन हिम” होतं, म्हणजे माझा पगार त्या माणसापेक्षा कमी. इंग्रजीत काटेकोर लिहायचं तर पगाराची तुलना पगाराशीच व्हायला हवी, आणि एकटे उभे राहणारे माइन-युअर्स-हिज-देअर्स नेमके याच कामाला येतात: “माय सॅलरी इज लेस दॅन हिज”, “अवर रेट इज हायर दॅन देअर्स”. “देअर्स”च्या पोटात “देअर रेट” आहे. “सारखा” आणि “वेगळा” असतानाही हेच: “तुमचं डिझाइन आमच्यासारखंच आहे” याचं “युअर डिझाइन इज सिमिलर टु अवर्स”. “सिमिलर टु अस” लिहिलंत तर ते डिझाइन मेल लिहिणाऱ्या माणसांसारखं दिसतं असा अर्थ होईल. खरेदी विभागात दिवसभर दरांची, मुदतींची, नमुन्यांची तुलना चालते, म्हणून “दॅन” आणि “सिमिलर टु” यांच्यापुढचा शब्द पाठवायच्या आधी दर वेळी पाहा.

आता तुम्ही न विचारलेली, पण तुमच्या मेलमध्ये नक्की असणार अशी गोष्ट: न लिहिलेला मालक. “हात धुऊन जेवायला बस” यात हात कोणाचे हे सांगायची गरज मराठीला वाटत नाही. “खिशात हात घातला”, “बायकोला घेऊन आला”, “डबा विसरलो” ही सगळी बिनमालकाची वाक्यं आहेत आणि आपल्याला ती पूर्ण वाटतात. इंग्रजीला ती उघडी वाटतात. “वॉश युअर हँड्स”, “ही पुट हिज हँड इन हिज पॉकेट”, “ही केम विथ हिज वाइफ”, “आय फर्गॉट माय टिफिन”. एका वाक्यात दोन-दोन “हिज” आपल्याला पुनरुक्ती वाटते, तिथे ती रीत आहे. याच कारणाने “आय अॅम अॅटॅचिंग रेझ्युमे” अपुरं आणि “आय अॅम अॅटॅचिंग माय रेझ्युमे” पुरं. “स्वतःचं घर आहे” याचंही “आय हॅव ओन हाउस” होत नाही; “ओन”ला पुढे हात धरणारा लागतोच, “माय ओन हाउस”. अपवाद एवढाच की दुसऱ्याने शरीराला हात लावला आणि माणूस आधीच सांगून झाला, तर “द” येतो: “शी टुक मी बाय द हँड”.

आणि मग “आपला”. या एका शब्दावर मी एक अख्खा तास घेते. मराठीत “आपला” म्हणजे तुमचा आणि माझा मिळून: “आपली शाळा”. “आपला” म्हणजे आदराने तुमचा: “आपलं पत्र मिळालं”. “आपला” म्हणजे कर्त्याचा स्वतःचा: “तो आपलं काम करतो”. आणि “मी आपला बसलो” मधला “आपला” कोणाचाच नाही. मराठी वाचणाऱ्याला संदर्भावरून क्षणात कळतं. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, आणि घाईत आपण सरसकट “अवर” लिहून मोकळे होतो.

एका लहान कारखान्याच्या पत्रव्यवहारात मी हे स्वतः निस्तरलं आहे. मालकांना म्हणायचं होतं, “आपल्या मालाची वाहतूक आम्ही करू”, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालाची. पत्रात गेलं “वी विल ट्रान्सपोर्ट अवर गुड्स”. परदेशी गिऱ्हाइकाने वाचलं की हे फक्त स्वतःचा माल नेणार, आमचा आम्हीच न्यायचा. गाडीभाड्यावरून कित्येक मेल झाले, दोन्हीकडे राग धुमसला, आणि मुळात एका अक्षराचा फरक होता: “अवर”च्या जागी “युअर”. माणसं प्रामाणिक होती, पैसे द्यायला तयार होती, तरी शब्दाने त्यांना खोटं पाडलं. तेव्हापासून मराठी माणसाच्या मसुद्यात “अवर” दिसला की मी थांबून विचारते, यात वाचणारा धरला आहे की नाही?

कारण दुसरी अडचण तिथेच आहे. मराठीत “आमचा” म्हटलं की समोरचा बाहेर आणि “आपला” म्हटलं की समोरचा आत. इतका मोलाचा भेद आपण सहज करतो. इंग्रजीला तो करता येत नाही, “अवर” दोन्ही. पुरवठादाराला “लेट मी चेक विथ अवर टीम” लिहिलं तर टीम कोणाची? तुमच्या कंपनीची, की या प्रकल्पावर दोन्ही कंपन्यांची मिळून असलेली? इंग्रज लेखकही इथे शब्दाने सोडवतो, सर्वनामाने सोडवत नाही: “माय टीम हिअर”, “द पुणे टीम”, “युअर टीम अँड माइन”. करारात तर सर्वनामांवर विसंबूच नये. “द बायर'स प्रिमायसेस”, “द सप्लायर'स कॉस्ट” असं नाव घेऊन लिहावं.

तिसरा “आपला”, कर्त्याचा स्वतःचा, हा तर आपला ठेवा आहे. “रमेशने सुरेशला आपली फाइल दिली” आणि “रमेशने सुरेशला त्याची फाइल दिली” या दोन वाक्यांत फाइल दोन वेगळ्या माणसांची आहे, हे आपल्या घरातल्या लहान पोराला कळतं. इंग्रजीत दोन्हींचं “रमेश गेव्ह सुरेश हिज फाइल”. म्हणून भाषांतर करताना जे मराठीत स्पष्ट होतं ते धूसर होतं आणि लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण त्याच्या डोक्यात मराठी वाक्यच वाजत असतं. “हिज ओन फाइल” म्हटलं तर पहिला अर्थ पक्का होतो. दुसऱ्यासाठी मी क्रियापद बदलायला सांगते: “रमेश रिटर्न्ड सुरेश'स फाइल”. परत केली म्हटल्यावर मालकाबद्दल शंकाच नाही.

“माझा एक मित्र” याचं “माय वन फ्रेंड” होत नाही आणि “माझं हे पत्र” याचं “माय धिस लेटर” होत नाही. इंग्रजीत वस्तूच्या नावाआधीच्या जागेवर “माय” आणि “धिस” दोघांना एकदम बसता येत नाही. एकाला मागे जावं लागतं आणि मागे जाताना तो “माइन” होतो: “अ फ्रेंड ऑफ माइन”, “धिस लेटर ऑफ माइन”. “वन ऑफ माय फ्रेंड्स” हाही चांगला, पण त्यात शेवटचा “स” विसरू नका. “वन ऑफ माय फ्रेंड” ही चूक भल्याभल्यांच्या मेलमध्ये असते.

आता तुमचं तिसरं वाक्य. “राम'स बुक”, “कंपनी'ज पॉलिसी” यांत चिन्ह लागतं, मग “इट”च्या मालकीत का नाही, हा प्रश्न तर्काला धरूनच आहे. उत्तर शब्दाच्या वयात आहे. जुन्या इंग्रजीत “तो” आणि “ते” दोघांसाठी “हिज”च होता. 1611 सालच्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये मिठाची चव गेली तर, हे सांगताना मिठालाही “हिज” आहे, आणि त्या मूळ आवृत्तीत “इट्स” हा शब्दच नाही. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिखाणात येऊ लागला होता, पण नवखा होता. पुढे दोनएकशे वर्षं लोक तो चिन्ह देऊनही लिहीत. 1787 च्या अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्या कलमाच्या दहाव्या भागात मालकीचा “इट'स” चिन्हासकट आहे. म्हणजे तुमची ही चूक राज्यघटना लिहिणाऱ्यांच्या काळात चूक नव्हती. एकोणिसाव्या शतकात वाटणी पक्की झाली: चिन्ह असलेला “इट'स” म्हणजे “इट इज” किंवा “इट हॅज”, चिन्ह नसलेला म्हणजे त्याचा-तिचा.

पारख करायची पद्धत सोपी आहे. त्या जागी “इट इज” घालून मोठ्याने वाचा. “चेक द मशीन अँड इट इज मॅन्युअल”, हे भलतंच झालं ना? मग चिन्ह काढा. “हू'ज” म्हणजे “हू इज”, मालकीचा “हूज” अक्षरांनीच वेगळा. “यू'र” म्हणजे “यू आर”, मालकीचा “युअर”. हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स यांपैकी एकालाही चिन्ह नाही, तीच पंगत “इट्स”ची. उलट “वन'स”, “एव्हरीवन'स”, “समबडी एल्स'स” यांना चिन्ह लागतं. फोनवर लिहीत असाल तर कीबोर्डचा आपोआप दुरुस्ती करणारा भाग कधी कधी चांगल्या “इट्स”वर चिन्ह बसवतो, म्हणून फोनवरून पाठवलेला मेल जरा जास्त बारकाईने पाहा.

नवरा-बायकोच्या सामाईक वस्तूबद्दल अर्ज करताना लोक “माय वाइफ अँड आय'ज फ्लॅट” लिहितात. व्याकरणाला धरून “माय वाइफ'स अँड माय फ्लॅट” होईल, पण ते कानाला जड जातं. बायकोचा उल्लेख एकदा करून पुढे “अवर फ्लॅट” लिहिणं सगळ्यात बरं. “थँक यू फॉर युअर कमिंग” की “यू कमिंग”, असा प्रश्नही वर्गात येतो. आज दोन्ही चालतात, पहिला जरा ठेवणीतला. मी “थँक यू फॉर कमिंग” लिहिते.

राहता राहिली पत्राखालची सही. आपण “आपला विश्वासू” लिहितो तिथे इंग्रजीत “युअर्स फेथफुली” येतं, आणि इथे मात्र “आपला”चं “युअर्स” बिनधोक होतं. दुकानाच्या पत्रांवर, रजेच्या अर्जांवर “युअर'स” असं चिन्ह घातलेलं मी सर्रास पाहते, ते काढा. ब्रिटिश रीत अशी की सुरुवात “डिअर सर” किंवा “डिअर मॅडम” अशी बिननावाची असेल तर “युअर्स फेथफुली”, आणि “डिअर मिसेस जोशी” असं नाव घेतलं असेल तर “युअर्स सिन्सिअरली”. दोन्हींत दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर लहान लिपीत. रोजच्या मेलला एवढा साज लागत नाही. तिथे “रिगार्ड्स” लिहून खाली नाव टाकलंत तरी पुरे.